ब-१२ : सूक्ष्म जीवांचे मोठे कार्य

शाकाहारी कुटुंबातील रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते, आणि मांसाहाराविना ते मिळतच नाही असा समज पसरतो. मुळात हे जीवनसत्त्व कोण निर्माण करते, हे पाहिले म्हणजे तो समज दूर होतो.

ब-१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही आणि कोणताही प्राणीही करीत नाही. ते सामर्थ्य केवळ जिवाणू व तत्सम एकपेशीय सूक्ष्मजीवांपाशी आहे. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल या साध्या पदार्थाचे आठ रेणू जोडून ते एक वलय रचतात. रक्तातील हीम व पानांतील हरितद्रव्य यांचा आरंभही अशाच वलयातून होतो. ब-१२साठी मात्र जिवाणू त्यात बरेच फेरफार करून मध्यभागी कोबाल्टचा अणू बसवतात. हे काम सुमारे तीस टप्प्यांचे आहे. तोच रेणू प्रयोगशाळेत घडविण्यास वुडवर्ड व एशेनमोझर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे शंभर संशोधकांना दशकाहून अधिक काळ लागला.

गाईम्हशींच्या पोटातील जिवाणू चाऱ्यातील कोबाल्ट वापरून ते तयार करतात. म्हणूनच ते दुधात उतरते. आपल्या मोठ्या आतड्यातही ते तयार होते. परंतु त्याचे शोषण त्याआधीच्या लहान आतड्यात होत असल्याने आपल्याला त्याचा लाभ होत नाही.

दैनंदिन गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम आहे. यकृतात साठा असल्याने उणीव काही वर्षांनी जाणवते : पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते. पेढीवर बसणारी वडीलधारी मंडळी याला वार्धक्य समजतात. उपचारास विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असते; म्हणून ते दीर्घकाळ करणाऱ्यांनी, तसेच अहिंसेच्या विचाराने दूध सोडलेल्या तरुणांनी तपासणी अवश्य करावी. स्पिरुलिनावर विसंबू नये. त्यातील बहुतेक ब-१२ मानवी शरीरास निरुपयोगी असते.

औषधातील ब-१२ मांसापासून काढत नाहीत. तेही जिवाणूंच्या किण्वनातूनच मिळते. कॅप्सूलचे आवरण मात्र पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडांचे व कातड्याचे असते. म्हणून वनस्पतिजन्य आवरणाचे औषध आहे का, ते विचारून घ्यावे.

किण्वनात एकेंद्रिय जीवांची विराधना होते, ही शंका काही साधकांना येईल. ती गुरुमहाराजांपुढे अवश्य मांडावी. पण तेवढ्यासाठी तपासणी पुढे ढकलू नये.