यादीत नाव आहे, वाटा कुठे आहे?

कायद्यात नाव येणे आणि हक्क पदरात पडणे यांतले अंतर आंबेडकरी समाजाला कुणी शिकवायला नको. आज तेच अंतर मल्टिपल स्क्लेरोसिस झालेली तरुण मुले-मुली मोजत आहेत.

हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो. मुलांपेक्षा मुलींना अधिक. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांच्या आवरणावर उलटते. कधी एका डोळ्याने धूसर दिसते, कधी पाय बधिर होतात. काही आठवड्यांत बरे वाटते, मग पुन्हा झटका. उन्हाळ्यात त्रास वाढतो. त्यात थकवा असा की तो कुणाला दिसत नाही. घराण्यात पहिल्यांदाच पदवी घेतलेला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पोरगा भरदुपारी आडवा झाला की त्याला आळशी ठरवतात. 'आरक्षणवाल्यांना मेहनत नको' हा टोमणा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या शब्दाची धार ठाऊक आहे. औषधांचा अधिक उपयोग होतो ती सुरुवातीची वर्षे मात्र भगत-देवऋषीकडे जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडते, हे आम्ही स्पष्टच लिहितो.

१९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि हा आजार नावानिशी यादीत आला. कलम ३२ ने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा दिल्या. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असला की हे रुग्णही त्यात येतात. आता नोकरीतील ४ टक्क्यांचे कलम ३४ वाचा. अंध आहेत, कर्णबधिर आहेत, अस्थिव्यंग, ॲसिडहल्ल्याचे बळी, स्वमग्न, मनोरुग्ण आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव नाही! पाय निकामी झाले तर अस्थिव्यंगाच्या वाटेने काही मार्ग निघेलही. पण ज्याची नजर आणि ताकद येते-जाते, त्याने काय करायचे? कॉलेजचे दार उघडे, कचेरीचे बंद, असा हा न्याय आहे. शिवाय तपासणी बऱ्या दिवशी झाली तर दाखल्यावरचा टक्काही घसरतो.

जे हाती आहे ते तरी वापरले पाहिजे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कलम २० प्रमाणे कामावरून काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितले. पण आपली पोरे आज कंत्राटावर राबतात. तिथे दोन महिने खाट धरली की नाव कटते, आणि औषध तर वर्षानुवर्षे घ्यायचे असते.

आजारपण आणि अपंगत्वात सरकारी साहाय्य, हे घटनेच्या ४१ व्या कलमात लिहिलेले आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे. कलम ३४ दुरुस्त करा आणि ही औषधे जिल्हा रुग्णालयात मोफत द्या, या दोन मागण्या आपल्या कर्मचारी व विद्यार्थी संघटनांनी पुढच्या निवेदनात घातल्याच पाहिजेत. विहारातली अभ्यासिका वरच्या मजल्यावर असेल तर ती खाली आणायला मात्र कुठल्याही निवेदनाची गरज नाही.