अॅग्रीला जायचंय म्हणून गणित सोडलं! अकरावीच्या ‘ग्रुप’वर दिंडोरीत विचार होतो कधी?

दिंडोरी : दहावीचा निकाल लागला की तालुक्यात एकच चर्चा, “सायन्स की आर्ट्स?” सायन्स ठरलं की घरचे निवांत होतात. खरा निर्णय त्यापुढे असतो. गणित ठेवायचं, जीवशास्त्र ठेवायचं, दोन्ही ठेवायचं की क्रॉप सायन्स घ्यायचं, हे अनेकदा कॉलेजच्या टेबलावर पाच मिनिटांत ठरतं. मित्राने काय घेतलं आणि कोणत्या तुकडीत जागा आहे, एवढ्यावर. बारावीनंतर कुठे अर्ज करता येईल, हे मात्र त्याच पाच मिनिटांत ठरून गेलेलं असतं.

मोहाडी, जानोरी, लखमापूरच्या द्राक्षपट्ट्यात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “पोराला अॅग्री करायचंय, मग गणित कशाला?” हा समज चुकीचा आहे. बीएस्सी कृषीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यासोबत गणित किंवा जीवशास्त्र, यांपैकी काहीही चालतं. सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही ग्रुप ग्राह्य आहेत. म्हणजे शेतीसाठी गणित सोडायची गरजच नाही. उलट कृषी अभियांत्रिकीला गणितच लागतं. मोहाडीतच सह्याद्री फार्म्सचं पॅकहाउस, शीतगृह आणि प्रक्रिया उद्योग उभा आहे. तिथली यंत्रं चालवणारा माणूसही शेतीच्याच धंद्यात आहे, हे घरात सहसा कुणी बोलत नाही.

क्रॉप सायन्सचं गणित आणखी वेगळं. हा द्विलक्षी विषय २०० गुणांचा. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि एक ऐच्छिक विषयही जातो. शेतकऱ्याच्या पोराला तो सोपा वाटतो, बारावीची टक्केवारी चढते, बॅनर लागतो. पण इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटी किंवा जेईईवर लागते. तिथे बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते, खुल्या वर्गाला ४५ आणि राखीवला ४० टक्के, तेही ठरावीक विषयांत. चढलेल्या टक्केवारीचा तिथे उपयोग नाही. कृषीलाच जायचं पक्कं असेल तर विषय चांगला आहे. नुसत्या टक्क्यांसाठी घेऊ नये.

पश्चिम भागात, ननाशीकडच्या आदिवासी गावांत प्रश्न उलटा आहे. तिथल्या अनेक मुलींना नर्सिंगला जायचं असतं. बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्र लागतंच. जीएनएमला मात्र इतर शाखांनाही वाव आहे. आरोग्य विद्यापीठ दिंडोरी रोडवरच, म्हसरूळला आहे. पण अकरावीत जीवशास्त्र सुटलं तर त्या जवळपणाचा काय फायदा?

मग दोन्ही घ्यावं का? “दोन्ही दारं उघडी राहतात” हे खरं, पण किंमत मोठी आहे. सीईटी २०० गुणांची. पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे १०० गुण एकट्या गणिताचे. पीसीबीमध्ये जीवशास्त्रालाही तेवढेच. दोन्ही पेपर देणाऱ्याला हे दोन्ही डोंगर चढायचे. एसटीने रोज तास-दीड तास जाणाऱ्या, प्रॅक्टिकलसाठी थांबणाऱ्या मुलाला ते झेपेलच असं नाही. फार्मसीला तर गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालतं. त्यासाठी दोन्ही ओढायचं कारण नाही.

नक्की काही ठरलं नसेल आणि दहावीत गणित बरं असेल, तर गणित ठेवलेलं शहाणपणाचं. राहिलेला विषय बारावीनंतर बोर्डाकडे ‘तुरळक विषय’ म्हणून देता येतो. नीटसाठी असं नंतर घेतलेलं जीवशास्त्र चालेल, असा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. त्यात वर्ष जातं, पण जीवशास्त्र घरी वाचून निघतं. गणित तसं निघत नाही.

मुलींच्या बाबतीत ही चूक आता जास्त महाग पडते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. फी नाही, जागा आहे, पण गणित सोडलेलं. मग इंजिनिअरिंगचा अर्ज भरायचा कसा?

यात नाशिकच्या क्लासेसची भर. कॉलेज नावाला तालुक्यात आणि मुलगा नाशिकला, हा प्रकार राज्यभर चालतो. म्हणून तर २०१८ मध्ये सायन्सला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. क्लासवाल्यांच्या जाहिरातीत जेईई आणि नीट. कृषी, फार्मसी, नर्सिंगची माहिती द्यायला तिथे कुणी बसलेलं नसतं. बीसीए-बीबीएलाही २०२४ पासून सीईटी आहे, हेही बऱ्याच घरांत अर्जाची तारीख गेल्यावर कळतं.

२०२५ पासून अकरावी प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. घरबसल्या दहा कॉलेजं निवडता येतात. पण अर्जात शाखा ठरते. विषय आजही कॉलेजातच ठरतात. म्हणून प्रवेश निश्चित करायला जाताना हव्या त्या पदवीची मागच्या वर्षीची माहितीपुस्तिका मोबाइलवर उघडून पात्रतेचं पान वाचावं. ग्रुप बदलायचा असेल तर अर्ज अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांतच द्यावा; बारावीचा फॉर्म भरल्यावर कॉलेजच्या हातात फारसं काही उरत नाही. आणि एसटी प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी जात वैधतेचा प्रस्ताव निकालाची वाट न बघता बारावीतच कॉलेजमार्फत पाठवावा.