ताबा एकाचा, खर्च दुसऱ्याचा

रेल्वेमार्ग ओलांडून मनीषनगरात शिरले आणि तेथून बेसा-बेलतरोडीच्या रोखाने निघाले, की नागपूर शहर दक्षिणेस किती झपाट्याने वाढले आहे याची साक्ष पटते. जेथे एके काळी शेते होती तेथे आज बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत नोकरदार कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गुंतलेली आहे. या वाढीबरोबर जी एक प्रथा रूढ होऊ पाहत आहे, तिचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. इमारत अपुरी, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही, जागा सर्वस्वी बिल्डरच्या कबजात. आणि अशा स्थितीत सदनिकेचा खरेदीदार पदरचे पैसे घालून तेथे सुतार, रंगारी व विजेचा कारागीर कामाला लावतो.

तो असे का करतो हे समजणे कठीण नाही. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता ही दोन्ही ओझी वाहणाऱ्या मनुष्यास एकेक महिना जड जातो. बिल्डरही 'फर्निचरचे काम सुरू करून घ्या' असे मोठ्या उदारपणे सांगून किल्ली हाती ठेवतो. परंतु ही उदारता फुकटची नव्हे. उद्या विलंबाचे व्याज मागितले, तर 'ताबा केव्हाच दिला' हे उत्तर तयार असते. भिंतीला ओल आली, तर दोष बांधकामाचा नसून तुमच्या कारागिराच्या तोडफोडीचा, असे सांगता येते. लेखी संमतीवाचून केलेल्या फेरफारांमुळे दोषदुरुस्तीची हमी संपुष्टात येईल, असे कलम तर अनेक करारनाम्यांत असतेच. शिवाय त्या भिंतींत लाखो रुपये एकदा अडकले, म्हणजे पैसे परत घेऊन व्यवहारातून बाहेर पडण्याचे धैर्यही उरत नाही.

हा धोका कायद्याने पूर्वीच ओळखला होता. महाराष्ट्रात १९६३ साली झालेल्या सदनिका-मालकीविषयक कायद्याने पूर्णता प्रमाणपत्रावाचून ताबा देण्यास बिल्डरला मनाई केली, एवढेच नव्हे, तर तो घेण्यास खरेदीदारालाही केली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे 'रेरा'ने, खरेदीदाराच्या हाती आणखी साधने दिली. ताबा लांबला तर व्यवहारात राहणाऱ्यास दरमहा व्याज आणि मागे फिरणाऱ्यास व्याजासह रक्कम मिळावी. ताब्यानंतर पाच वर्षांत आढळलेला बांधकामाचा दोष बिल्डरने तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावा. हे हक्क ताब्याच्या तारखेवर आणि दोषाच्या पुराव्यावर उभे आहेत. आणि घाईने सुरू केलेले काम नेमके या दोहोंसच धूसर करून टाकते.

कागद मागाहून होईल, या भरवशाची किंमत काय असते, हे समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणावरून दिसून येते. तेथील रहिवाशांना १९९७ साली ताबा मिळाला, परंतु भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. परिणामी त्यांना मालमत्ता कर पंचवीस टक्के व पाणीपट्टी पन्नास टक्के अधिक भरावी लागली. प्रमाणपत्र न देणे ही बिल्डरची चालू राहिलेली कसूर होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. न्याय मिळाला खरा. पण त्यासाठी जवळजवळ पंचवीस वर्षे जावी लागली.

भूखंडधारकांची गत याहून निराळी नाही. '५७२' आणि '१९००' ले-आउट ही नावे नागपूरकरांच्या तोंडी बसलेली आहेत. अशा अनधिकृत ले-आउटांत रहिवाशांनी मुरूम टाकावा, बोरवेल खोदावी, गडरलाइनची वाट पाहावी, आणि पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणासाठी पुन्हा विकास शुल्क भरावे! ज्याने भूखंड पाडून विकले तो मात्र केव्हाच मोकळा झालेला असतो.

मग खरेदीदाराने हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. स्वावलंबनास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो एकाकी आणि बिननोंदीच्या स्वावलंबनास. एक्कावन टक्के खरेदीदारांनी नोंदणी केल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यांची संस्था स्थापन करण्याची व्यवस्था झाली पाहिजे, असा महाराष्ट्राच्या रेरा नियमांचा दंडक आहे. त्याचा आग्रह धरावा. बिल्डरच्या प्रकल्पाची नोंदणी संपुष्टात आली अथवा रद्द झाली, तर उरलेले काम हाती घेण्याचा पहिला अधिकार कायद्याने खरेदीदारांच्या संघालाच दिला आहे. तोवर आत पाऊल टाकणे भागच असेल, तर लेखी परवानगी घ्यावी, हा ताबा नव्हे असे तीत स्पष्ट लिहून घ्यावे, आणि आहे त्या बांधकामाची अभियंत्याकडून तपासणी करवून तिची छायाचित्रे जपून ठेवावीत.

सारा भार खरेदीदारावर टाकून नगररचनेच्या अधिकाऱ्यांनाही स्वस्थ बसता येणार नाही. प्रमाणपत्राविना माणसे राहावयास येतात, हे रस्त्याने जाणाऱ्यासही दिसते. ते महानगरपालिकेस आणि सुधार प्रन्यासास दिसत नसेल, असे कोण म्हणेल? डोळेझाक करावयाची आणि वर्षांनंतर दंडासह शुल्क मागावयाचे, हा कारभार नव्हे. किल्ली म्हणजे घर नव्हे, हे खरेदीदाराने ओळखलेच पाहिजे. पण किल्लीबरोबर कागदही देण्यास बिल्डरला भाग पाडणे, हे शासनाचे काम आहे.