आधी विचारलं होतं का?

माऊलींची पालखी आमच्या गावावरून पुढे गेली. आता आठवडाभर फेसबुकवर फोटोच फोटो. तुळस डोक्यावर घेतलेली आजी, भेगाळलेल्या टाचा, झाडाखाली उघड्या अंगानं झोपलेले आजोबा. खाली 'जबरदस्त क्लिक, दादा!' परवा गावातल्या एका छायाचित्र स्पर्धेचा निकाल लागला. पहिला नंबर कोणत्या फोटोला? टँकरखाली अंघोळ करून ओल्या लुगड्यात उभ्या असलेल्या बाईच्या. शीर्षक 'श्रद्धा'.

त्या बाईला कुणी विचारलं का हो? ग्रुपवर एवढंच विचारलं, तर उत्तर आलं, 'रस्ता सार्वजनिक आहे, पत्रकार असून कळत नाही?'

कळतं की. वीस वर्षं रस्त्यावरच फोटो काढतोय. लाठीमार, मोर्चे, महिन्याभरात उखडलेलं डांबर, तिथं मी परवानगी मागत नाही, मागणारही नाही. पण ही बाई काय खुर्चीवर बसलीय? अठरा-वीस दिवस चालणाऱ्या बायकांना अंघोळीला आडोसा मिळत नाही, त्याची बातमी करा ना! ते नाही. तिचा नाइलाज ही आपली 'फ्रेम'. बिल्डरच्या लग्नात जाऊन विहीणबाईंचा न विचारता असा क्लोजअप काढून दाखवा, मग बोलू.

आणि कायद्याचं म्हणाल तर २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खासगीपणावरच्या निकालात आलंय, की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही.

अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँगनं एका शेतमजूर आईचा फोटो काढला. 'मायग्रंट मदर' म्हणून जगभर छापला गेला. बाईंनी त्या आईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये ती आई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, पुढे आली आणि म्हणाली, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही.

'विचारलं की क्षण जातो' म्हणे. मग काढल्यावर विचारा! स्क्रीन दाखवा. आज्या तर फोटो बघून हसतात, नातवाचा नंबर देऊन 'त्याला धाड' म्हणतात. नको म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट करा. अर्धं मिनिट लागतं.

आयोजकांनो, तो फोटो आजच पेजवरून उतरवा. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा, 'फोटोतल्या व्यक्तीला विचारलं होतं का?' लांबून काढलेल्या गर्दीच्या फोटोला तो रिकामा राहिला तरी चालेल. फॉर्म छापायचा खर्च मी देतो.