विसरलेल्या आज्ञांचे व्याकरण

काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याची सवय एके काळी आपल्यापैकी पुष्कळांना होती. कोणी डॉसवर शिकले, कोणी लिनक्सवर. पुढे सारे काम माऊसच्या टिचक्यांवर भागू लागले आणि ती सवय सुटली. आता इतक्या वर्षांनी कमांड लाईनची उजळणी करावी काय, आणि तीही साहित्याच्या विद्यार्थ्याने वा शिक्षकाने? माझे मत असे की अवश्य करावी. आणि त्यामागचे कारण वाङ्मयीन आहे.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे बेल प्रयोगशाळेत आकाराला येऊ लागली. तिच्या अगदी आरंभीच्या वापरकर्त्यांत त्याच संस्थेचा पेटंट विभाग होता. १९७१ पासून तेथील टंकलेखक तिच्यावर अर्जांचा मजकूर सिद्ध करीत. मजकूर हा या प्रणालीचा पिंडच आहे. ‘ग्रेप’ या शोध घेणाऱ्या आज्ञेची जन्मकथा तर थेट आपल्या अंगणातली. अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या ८५ ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद जुना. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये साध्यासुध्या शब्दांच्या वारंवारतेवरून कौल मॅडिसनच्या बाजूने दिला. उदाहरणार्थ, ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन सढळपणे वापरतो, मॅडिसन क्वचित. बेल प्रयोगशाळेतल्या ली मॅकमॅहन यांना हेच निबंध तपासायचे होते. पण ‘एड’ या तत्कालीन संपादनसाधनात एवढा मजकूर मावेना. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी ‘एड’मधली शोधाची सोय वेगळी काढून तिची स्वतंत्र आज्ञा केली, असे त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन सांगतात. कर्तृत्वाचा निर्णय हा साहित्यसंशोधनातला सनातन प्रश्न. ‘ग्रेप’ त्याच्याच पोटी जन्मली.

या आज्ञांची खरी शक्ती त्यांच्या जोडणीत आहे. एका आज्ञेतून निघालेला मजकूर दुसरीत सोडायचा, दुसरीतला तिसरीत. बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तसे कार्यक्रम जोडता यावेत, ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच मांडली होती. १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये उतरली. १९८६ साली डोनाल्ड नूथ यांनी एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द मोजण्याचा कार्यक्रम निबंधासारखा वाचनीय करून लिहिला. त्याचे परीक्षण मॅकिलरॉय यांच्याकडे आले. त्यांनी रचनेचे कौतुक केले आणि तेच काम सहा आज्ञांची साखळी करून दाखविले. समीक्षेच्या इतिहासात असा संक्षेप दुर्मीळच म्हणावा लागेल.

उजळणी करताना एक गोष्ट ध्यानात येते. शब्द विसरतात, व्याकरण टिकते. कोणत्या आज्ञेला कोणते अक्षर जोडायचे हे आठवत नाही. पण आधी क्रियापद, मग त्याचे विशेषण, शेवटी कर्म, ही रचना बोटांत शिल्लक असते. आज्ञार्थ हा या भाषेचा एकमेव अर्थ. म्हणून तिच्याकडे परतण्याची वाटही भाषेचीच असावी. शंभर आज्ञांची यादी पाठ करू नये. शोधणे, मोजणे, क्रम लावणे, बदलणे एवढी चारपाच क्रियापदे घ्यावीत, ‘मॅन’ ही आज्ञा देऊन त्यांची माहितीपाने वाचावीत आणि स्वतःच्या आवडीच्या ग्रंथावर ती चालवून पाहावीत.

मराठी ग्रंथ घेतला की गंमत सुरू होते. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. ‘डब्ल्यूसी’ या मोजणीच्या आज्ञेला विचारा: चिन्हे मोजायला सांगितली तर ती ६ म्हणेल, बाइट मोजायला सांगितले तर १८. स, त, र, दोन हलन्त खुणा आणि दीर्घ वेलांटी अशी ती ६ चिन्हे; आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. (ही पद्धत १९९२ मध्ये रचणाऱ्या दोघांतले एक पुन्हा थॉम्प्सनच.) ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्यात’ आणि ‘पाण्याला’ निसटतात, कारण आपले नाम सामान्यरूप घेऊन वावरते. ‘पाण’ एवढेच शोधले तर ती सापडतात, पण सोबत ‘कृपाण’ आणि ‘पाणउतारा’ही येतात. मग नेमके काय शोधावे? हा प्रश्न मराठीच्या व्याकरणाचा आहे, आणि त्याचे उत्तर मराठीच्या शिक्षकाइतके चांगले कोण देणार?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की आज यंत्रबुद्धीला साध्या मराठीत सांगितले तरी ती हवी ती आज्ञा लिहून देते. मग शिकायचे कशाला? लिहून देते हे खरे. पण ‘पाणी’ शोधून ‘पाण्यात’ वगळणारी आज्ञा तिने दिली, तर ती चूक कोण ओळखणार? ‘आरएम’सारखी आज्ञा तर फाईल कचराटोपलीतही न टाकता थेट नाहीशी करते. जी आज्ञा वाचता येत नाही ती देणारे आपण नव्हेच. आपण केवळ अंगठा उठवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: मोजणे म्हणजे समीक्षा नव्हे. मान्य. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्ये एखादा शब्द कितीदा आला, एवढ्यावरून यमूचे दुःख कळणार नाही. परंतु ‘अमुक प्रतिमा या कादंबरीत वारंवार येते’ अशी विधाने आपण वर्गात आणि प्रबंधांत किती सहज करतो! ‘वारंवार’ म्हणजे किती, कोणत्या प्रकरणांत, कोणाच्या तोंडी, हे पडताळण्याची सोय हाताशी असताना ती न वापरणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे. तयार मेनू दुसऱ्या कोणी योजलेलेच प्रश्न विचारू देतो. रिकाम्या ओळीवर मात्र आपला प्रश्न आपल्यालाच मांडावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाने ती ओळ परकी मानू नये.