दार बंद झाले तेव्हा आत कोण राहिले?



कोरोनाच्या काळातील शिक्षणाविषयी आपण सर्वांनी पुष्कळ चर्चा केली. ऑनलाइन वर्ग, मोबाईलचा खर्च, रेंज मिळावी म्हणून डोंगर चढणारी मुले, न झालेल्या परीक्षा. परंतु ज्या मुलांचे घर म्हणजेच एखादे बालगृह, त्यांचे ते महिने कसे गेले असतील, हा विषय पालकसभेत क्वचितच निघाला. ही मुलेही शाळेत इतरांच्याच शेजारी, त्याच बाकावर बसतात. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

22 मार्च 2020 च्या जनता कर्फ्यूनंतर गोवा बंदच राहिला. पत्रादेवी आणि दोडामार्ग येथील नाके अडले. पेडणे व डिचोलीची सोयरीक सिंधुदुर्गाशी जुनी आहे. कुणाची आजी बांद्याला, कुणाचा मामा दोडामार्गला. आईवडिलांजवळ राहणारी मुलेही आजोळाला मुकली. मग बालगृहातील मुलाला महिन्यातून एकदा भेटायला येणारी मावशी कशी पोहोचणार? चवथीला सारा गोवा घरी जातो. त्या वर्षी ज्याला जायला घरच नव्हते, त्याच्याकडे येणाऱ्यांचीही वाट बंद होती.

3 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मुलांची दखल स्वतःहून घेतली. मुलाला संस्थेत ठेवायचे की घरी पाठवायचे, हे त्याचे हित व सुरक्षितता पाहून बालकल्याण समितीने ठरवावे, असे सांगितले. त्यानंतर काय झाले ते आकड्यांवरून कळते. साथ सुरू झाली तेव्हा देशभरातील संस्थांत 2,27,518 मुले होती. त्यांपैकी 1,45,788 मुले घरी पाठवण्यात आली. म्हणजे दर तिघांपैकी जवळजवळ दोघे. डिसेंबर 2020 मध्ये याच न्यायालयाने अशा गरजू मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा 2,000 रुपये देण्याचा आदेश राज्यांना दिला.

मूल कुटुंबात वाढावे, संस्था हा शेवटचा उपाय असावा, हे 2015 च्या बाल न्याय कायद्याचेच तत्त्व आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. परंतु ज्या घरातील दारिद्र्यामुळे, व्यसनामुळे किंवा मारहाणीमुळे मूल संस्थेत आले, ते घर टाळेबंदीत अचानक सुधारले असे कसे मानावे? त्या दिवसांत तर रोजगारही बुडाला होता. घरी पाठवणे आणि घर मिळवून देणे यांत फरक आहे.

दुसरी बाजू मागे राहिलेल्या मुलांची. बालगृह भिंतींवर चालत नाही. ते स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर, रात्री ताप पाहणाऱ्या काळजीवाहिकेवर, अभ्यास घेणाऱ्या दादांवर चालते. त्यांनाही मुलेबाळे असतात. रोज ये-जा केली तर आजार आत येण्याची भीती, आत राहिले तर स्वतःचे घर उघडे. 1897 साली पुण्यात प्लेग असताना पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना वाऱ्यावर सोडले नाही. केडगावच्या शेतावर हलवून तेथे त्यांचा निवारा उभा केला. जागा बदलली तरी मुलींना सांभाळणारे माणूस सुटले नाही. आमच्या मते संकटकाळातील बालसंगोपनाचे खरे माप हेच आहे.

एप्रिलच्या त्याच आदेशात एक सूचना होती, जिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले: गरज पडल्यास मुलांना सांभाळण्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवकांची व्यवस्था आधीच उभी करावी. साथ ओसरली आणि आपण निश्चिंत झालो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय मुलांच्या बाबतीत तरी सोडली पाहिजे.

म्हणून विश्वस्तांना आमचा आग्रह आहे की शाळेने जवळच्या बालगृहांशी बोलून अशा स्वयंसेवकांची यादी तयार करावी. त्यांची पोलीस पडताळणी व्हावी, बालकल्याण समितीची संमती घ्यावी आणि वर्षातून एकदा प्रशिक्षण द्यावे. निवृत्त शिक्षक आणि परिचारिका आपल्या गावांत आहेत. त्यांना कुणी विचारलेले नाही इतकेच. संस्थेतील मूल घरी गेले तर वर्गशिक्षकांनी पहिल्या आठवड्यातच चौकशी करावी. पटावरून नाव कमी करणे हे शेवटचे काम असावे, पहिले नव्हे.

पालकांनी आपल्या मुलाच्या अशा मित्राला सणासुदीला आठवावे, पण दया म्हणून नव्हे. आणि विद्यार्थ्यांनो, संकटात सापडलेल्या मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक पाठ असू द्या. कधी तुमच्या मित्राला लागेल, कधी तुम्हालाही.

पुढची साथ केव्हा येईल हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या वेळी दार बंद होईल तेव्हा मुलांबरोबर आत कोण राहणार, हे मात्र आजच ठरवता येईल.