दोन ठेवून दिल्या, पण कोणाला?

लोकलमध्ये किंवा एसटी स्टँडवर 'चोर, चोर' असा ओरडा झाला की पुढचं दृश्य तुम्हाला पाठ असेल. एकानं कॉलर धरलेली असते, दुसरा 'काय झालं?' विचारत असतो आणि तिसरा काहीही न विचारता दोन ठेवून देतो. गाडी सुटायच्या आत चार-पाच जण हात साफ करून घेतात. मोबाइल नेमका कोणाचा गेला, हे नंतर त्यातल्या बहुतेकांना सांगता येत नाही.

हे बघताना आपल्याला बरं वाटतं, हे आधी मान्य करूया. 'सिंघम'ला शिट्ट्या आपणच वाजवल्या. 'डोंबिवली फास्ट'मधला माधव आपटे सिस्टीमवर तुटून पडतो, तेव्हा आपण त्याच्याच बाजूनं असतो. पण सिनेमात एक सोय असते. व्हिलननं गुन्हा केलाय हे कॅमेऱ्यानं आपल्याला आधीच दाखवलेलं असतं. हिरोचा हात चुकीच्या माणसावर पडेल ही भीतीच नसते. खऱ्या आयुष्यात असा कॅमेरा नसतो. सगळी गडबड तिथेच सुरू होते.

तरीही 'कधीकधी हाच मार्ग उरतो' असं म्हणणारे नागपूरचं उदाहरण देतात आणि ते खोडून काढणं सोपं नाही. कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव या गुंडाची अनेक वर्षं दहशत होती. खून, बलात्कार, खंडणी. तक्रारी करूनही पोलीस दाद देत नाहीत, असं तिथल्या बायका सांगत होत्या. अखेर १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या कोर्टातच जमावानं त्याला ठार केलं. या घटनेवरून प्रेरित '२०० हल्ला हो' हा सिनेमाही २०२१ मध्ये आला. त्या बायकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्यांची दारं रोज रात्री कोण ठोठावत होतं, हे त्यांना माहीत होतं.

पण या गोष्टीचा शेवट फारसा कोणी सांगत नाही. खटल्यातल्या आरोपींची २०१४ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. म्हणजे 'आधी पुरावा दाखवा' या ज्या नियमावर आपण वैतागतो, त्याच नियमानं त्यांना वाचवलं.

आता धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथे आले होते. लोकांना संशय आला. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. टोळी वगैरे काही नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली.

दोन्ही ठिकाणच्या गर्दीला आपण बरोबर आहोत अशीच खात्री होती. फरक एवढाच की नागपूरच्या बायकांकडे वर्षानुवर्षांचा अनुभव होता आणि राईनपाड्यात फक्त एक फॉरवर्ड. पण गर्दीत उभं राहिल्यावर हा फरक कळायची काही सोयच नसते. तिथे उलटतपासणी नाही, वकील नाही, अपील नाही. कोर्ट चुकलं तर वरचं कोर्ट असतं. जमाव चुकला तर फक्त अंत्यसंस्कार उरतात.

मग गर्दीऐवजी पोलिसांनीच 'ऑन द स्पॉट' निकाल लावला तर? ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्यापैकी अनेकांचं स्टेटसही तेच होतं. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. आरोपींवर जीव घेण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या आणि चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. तोवर आपली स्टेटस कधीच पुसली गेली होती.

'मग काय, तारीख पे तारीख बघत बसायचं?' हा राग खराच आहे. पोलीस तक्रार घेत नाहीत आणि खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, तेव्हाच अक्कू यादवसारखे लोक माजतात आणि जमाव तयार होतो. म्हणून तो राग कुठे लावायचा, हे ठरवायला हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते, त्यानंतर थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. डोळ्यांसमोर गंभीर दखलपात्र गुन्हा घडला, तर सामान्य माणूसही आरोपीला पकडू शकतो. पण त्याला सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावंच लागतं. पकडायचा हक्क कायदा देतो, ठोकायचा नाही.

यात शिट्ट्या वाजवण्यासारखं काही नाही, मान्य. मैत्रिणीसोबत ठाण्यात जाऊन तीन तास बाकावर बसणं कोणी रीलमध्ये टाकत नाही. पण अशी चार पोरं-पोरी बसून राहिली की तक्रार टाळणं अवघड जातं.

आणि पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवर घोळका दिसला, तर हात उचलण्याआधी मोठ्यानं एवढंच विचारा, 'कोणी बघितलं?' मग ११२ ला फोन लावा. कदाचित तो खरंच चोर असेल. नसला, तर त्या घोळक्यात त्याच्या बाजूनं उभे राहणारे तुम्ही एकटेच असाल.